गोष्ट कोण सांगतो? सिद्धार्थाचा गृहत्याग, संतांच्या दंतकथा आणि बाबासाहेबांचे चरित्र

कोणतेही तत्त्वज्ञान ग्रंथातून थेट लोकांच्या डोक्यात जात नाही. ते गोष्टीतून जाते. ज्या माणसाने मनुस्मृतीचे एक पानही पाहिलेले नाही, त्याला एकलव्याचा अंगठा ठाऊक असतो. शूद्राने विद्या मागू नये, हा नियम श्लोकात सांगितला असता तर कुणी तरी उलटून प्रश्न विचारला असता. पण तोच नियम गुरुभक्तीची गोष्ट म्हणून शाळेत सांगितला की अंगठा कापून घेणारा गुरू ठरतो आणि अंगठा देणारा आदर्श शिष्य. मुले टाळ्या वाजवतात. नियम पोहोचलेला असतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. शंबूकाचेही तेच. तप करणाऱ्या शूद्राचा वध होतो आणि ब्राह्मणाचा मेलेला मुलगा जिवंत होतो. वर्णव्यवस्था मोडली की अकाली मृत्यू येतो आणि ती सावरली की जीवन परत येते, एवढा मोठा सिद्धांत एका गोष्टीत बसवला आहे.

म्हणून आंबेडकरी चळवळीतल्या तरुणांनी कथा आणि चरित्र हा विषय हलका समजू नये. "या गोष्टी जुन्या झाल्या, आता आर्थिक प्रश्नांवर बोला" असे म्हणणारे मित्र भेटतात. आर्थिक प्रश्नांवर बोललेच पाहिजे. पण वेठबिगार हे आपले कर्म आहे असे ज्याला वाटते तो मजुरी मागायला उभा राहत नाही, आणि त्याला तसे वाटते ते गोष्टींमुळेच. बाबासाहेबांना हे फार लहानपणी कळले होते.

सुभेदारांच्या घरातला वाद

'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, जी पहिली आवृत्ती निघाली तीत ती छापली गेली नाही. या प्रस्तावनेत ते आपण बुद्धाकडे कसे वळलो ते सांगतात. शाळेत असताना परीक्षा पास झाल्याबद्दल वस्तीतल्या लोकांनी सत्कार केला. त्या वेळी दादा केळूसकरांनी, म्हणजे कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनी, स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ते वाचून मुलगा भारावला आणि त्याने वडिलांना सरळ प्रश्न केला: तुम्ही आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावता, ज्यात ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्रांचा कमीपणा पुनःपुन्हा सांगितला आहे, बौद्ध वाङ्मयाची ओळख का करून दिली नाही?

सुभेदार रामजींचे उत्तर विचार करण्यासारखे आहे. आपण अस्पृश्य, मुलांच्या मनात न्यूनगंड येण्याची शक्यता फार, तो जावा म्हणून हे ग्रंथ वाचायचे, असे ते म्हणाले. द्रोण आणि कर्ण लहान होते, पण किती मोठे झाले. वाल्मीकी कोळी होता, पण रामायणाचा कर्ता झाला. म्हणजे कबीरपंथी सुभेदारही चरित्राचा वापर औषध म्हणूनच करत होते. मुलाला मात्र ते औषध पटले नाही. भीष्म, द्रोण आणि कृष्ण यांच्याबद्दलचे आपले प्रतिकूल मत त्याने वडिलांना सांगून टाकले. रामाबद्दलही त्याला आदर वाटला नाही. वडील गप्प झाले. घरात बंड झाले आहे हे त्यांनी ओळखले.

या वादात दोन गोष्टी आहेत. पहिली, एकच पोथी बापाला धीर देणारी वाटते आणि मुलाला अपमान करणारी. दुसरी, मुलाने गोष्ट ऐकणे सोडले नाही, दुसरी गोष्ट हाती घेतली. बुद्धाचे चरित्र त्याच्या हाती होते, म्हणून त्याला तुलना करता आली. ज्याच्याकडे एकच गोष्ट असते त्याला ती नाकारता येत नाही.

चार दृश्ये काय शिकवतात?

पण बुद्धाचे चरित्र हाती आले म्हणून काम संपत नाही. ते चरित्र कुणी, कसे सांगितले हेही तपासावे लागते. ही तपासणी बाबासाहेबांनी आयुष्याच्या शेवटच्या ग्रंथात केली.

सिद्धार्थाने घर का सोडले? सगळ्यांच्या तोंडी असलेली गोष्ट अशी: राजाने मुलाला महालात कोंडले, दुःख दिसू दिले नाही. एकोणतिसाव्या वर्षी तो रथातून बाहेर पडला. त्याला एक म्हातारा, एक आजारी, एक प्रेत आणि एक संन्यासी दिसला. मन विटले आणि मध्यरात्री झोपलेली पत्नी आणि मूल सोडून तो कंथकावर बसून निघून गेला. अश्वघोषाच्या 'बुद्धचरित' काव्यात ही गोष्ट आहे, जातकांच्या 'निदानकथे'त आहे. सांचीच्या तोरणावर स्वार नसलेला घोडा कोरून हाच गृहत्याग दाखवला आहे. १८७९ साली एडविन अर्नोल्डने 'द लाइट ऑफ एशिया' या काव्यातून तीच युरोपात पोहोचवली.

बाबासाहेबांचा आक्षेप साधा आहे आणि तो ग्रंथाच्या प्रास्ताविकातच आहे. म्हातारपण, आजार आणि मरण या रोज शेकड्यांनी घडणाऱ्या गोष्टी. एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्या आधी पाहिल्याच नाहीत, हे बुद्धीला पटते का? ज्याला बुद्ध म्हणजे बुद्धिवाद असे शिकवायचे आहे, त्याने आरंभच अशा अशक्य प्रसंगाने कसा करायचा?

हा आक्षेप बाबासाहेबांनी हवेत घेतला असे कुणी समजू नये. पाली वाङ्मयातच त्याला आधार आहे. दीघनिकायातल्या महापदान सुत्तात रथातून जाताना वृद्ध, रोगी, मृत आणि प्रव्रजित दिसण्याचा प्रसंग आहे, पण तो विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाच्या कथेत आहे. गौतमाच्या अंगावर तो नंतर चढवला गेला. मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसन सुत्तात गौतम स्वतः आपल्या गृहत्यागाबद्दल सांगतात. तिथे केस काळे असलेला तरुण आहे, अश्रू ढाळणारे आई-बाप आहेत आणि त्यांच्या समोर घर सोडणे आहे. कंथक नाही, मध्यरात्र नाही, चोरून पळणे नाही. गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी आपल्या 'भगवान बुद्ध' या मराठी ग्रंथात बाबासाहेबांच्या आधी ही चिकित्सा केली होती. सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्ताकडेही त्यांनी लक्ष वेधले. शस्त्र हाती घेऊन एकमेकांवर तुटून पडणारी माणसे पाहून, आटत्या पाण्यातल्या माशांसारखी त्यांची तडफड पाहून आपल्याला उद्वेग आला, असे त्या सुत्तात आहे. म्हणजे उद्वेगाचे कारण म्हातारपण नसून माणसामाणसांतला कलह आहे.

आता बाबासाहेबांनी काय केले ते पाहा. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण होते, ही कथा जुनीच आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत ती येते. तिथे बुद्ध झालेले गौतम मध्ये पडतात आणि पाण्याची किंमत मोठी की माणसांच्या रक्ताची, असे दोन्ही बाजूंना विचारतात. बाबासाहेबांनी हे भांडण गृहत्यागाच्या मुळाशी नेले. त्यांच्या मांडणीत सिद्धार्थ विसाव्या वर्षी शाक्य संघाचा सभासद होतो. सभासदत्वाच्या आठव्या वर्षी रोहिणीवर मारामारी होते. सेनापती युद्धाचा ठराव आणतो. सिद्धार्थ विरोध करतो, आधी दोष कुणाचा ते तपासा म्हणतो. ठराव मताला जातो आणि सिद्धार्थ हरतो. दुसऱ्या दिवशी सेनापती वीस ते पन्नास वयाच्या प्रत्येक शाक्याने लढायला यावे असा ठराव मांडतो. बहुमतापुढे अल्पमतातले बाकीचे लोक गप्प बसतात. सिद्धार्थ उभा राहतो आणि मी लढणार नाही असे सांगतो. त्याच्यापुढे तीन वाटा ठेवल्या जातात: सैन्यात जा, फाशी किंवा हद्दपारी घे, नाही तर तुझ्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार पडेल आणि जमीन जप्त होईल. सिद्धार्थ परिव्रज्या घेतो. आपल्या मतासाठी घरच्यांना उपाशी मारायचे नाही, ही त्याची भूमिका.

बहिष्कार हा शब्द इथे आपल्या वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ज्यांची विहीर बंद झाली, ज्यांना दुकानातून मीठ मिळेनासे झाले, त्यांना सिद्धार्थाची अडचण लगेच कळते.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. पहिलीत दुःख म्हणजे म्हातारपण, आजार आणि मरण. ते निसर्गाने दिलेले आहे, त्याला कुणी जबाबदार नाही, म्हणून त्यावर उपाय एकच: जगापासून दूर जाणे. दुसरीत दुःख म्हणजे माणसाने माणसावर लादलेला कलह. त्याला कारणे आहेत, जबाबदार माणसे आहेत, म्हणून त्यावर उपायही माणसांतच शोधावा लागतो. पहिल्या गोष्टीतून पळ काढणारा संन्यासी तयार होतो. दुसरीतून बहुमताच्या दडपणापुढे न झुकणारा नागरिक तयार होतो. पुढे सिद्धार्थ राजगृहात असताना शाक्य-कोलियांत समेट झाल्याची बातमी येते. मग घरी परत का जायचे नाही? तेव्हा त्याच्या लक्षात येते की युद्ध हा एका मोठ्या प्रश्नाचा फक्त भाग आहे. राजांत, वर्गांत, घराघरांत चालणारा संघर्ष कायमचा आहे आणि त्याचे उत्तर शोधायचे आहे. धम्म म्हणजे माणसामाणसांतल्या नात्याची नीट घडी, हा पुढच्या सगळ्या ग्रंथाचा सिद्धांत या एका प्रसंगात रोवलेला आहे.

"बाबासाहेबांनी इतिहास बदलला" या आरोपाचे काय?

हा आरोप काही अभ्यासक करतात, काही परंपरावादी बौद्धही करतात. त्याला भावनेने उत्तर देऊ नये. रोहिणीच्या भांडणामुळेच सिद्धार्थाने घर सोडले असे एका वाक्यात सांगणारे सुत्त कुणी दाखवू शकत नाही, हे मान्य करावे. पण मग चार दृश्यांची कथाही गौतमाचा इतिहास म्हणून उभी राहत नाही. जी विपस्सीची होती ती गौतमाला लावण्याचे स्वातंत्र्य जुन्या कथाकारांनी घेतले, तेव्हा त्याला कुणी बदल म्हटले नाही. त्याला परंपरा म्हटले.

फरक असा आहे की जुन्या कथाकारांनी आपण काय केले ते सांगितले नाही. बाबासाहेबांनी सांगितले. आपला आक्षेप त्यांनी प्रास्ताविकात उघड लिहिला आणि बुद्धवचन ओळखण्याची कसोटीही ग्रंथात दिली. जे बुद्धीला आणि तर्काला धरून आहे ते इतर गोष्टी सारख्या असता बुद्धाचे मानावे. माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही ते त्याच्या नावावर घालू नये. ज्या बाबतीत बुद्धाला खात्री होती आणि ज्या बाबतीत त्याने फक्त तात्पुरते मत दिले, त्यांत फरक करावा. ही कसोटी वाचकाच्याही हाती दिलेली आहे. उद्या वाचकाने बाबासाहेबांचे एखादे पान याच कसोटीवर घासले, तरी त्यांनी त्याला अडवले नसते. पोथी लिहिणारा अशी मुभा देत नाही.

उपालीचा क्रम आणि नंदनारची आग

आता दोन प्रकारच्या चरित्रकथा समोरासमोर ठेवू.

पहिली कथा विनयपिटकातली. शाक्य राजपुत्र संघात यायला निघाले, सोबत त्यांचा न्हावी उपाली होता. राजपुत्रांनी स्वतःच तथागतांना विनंती केली की उपालीला आधी दीक्षा द्या. आम्ही शाक्य गर्विष्ठ आहोत, त्याला आधी दीक्षा मिळाली तर आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा गर्व उतरेल. तसेच झाले. ही गोष्ट गोड आहे म्हणून महत्त्वाची नाही. संघात ज्येष्ठता दीक्षेच्या क्रमाने ठरते, जन्माने नाही, हा नियम तिच्यात आहे. उपालीच्या अंगात कुठला चमत्कार झाला नाही. तो न्हाव्याच्या कुळातला होता आणि तसाच राहिला. बदलला तो वंदनाचा क्रम. पुढे विनयाचा सर्वांत मोठा जाणकार म्हणून त्याचेच नाव घेतले गेले. थेरगाथेत सुनीत आहे. हलक्या मानलेल्या कुळात जन्मलेला, सुकलेली फुले झाडून टाकणारा. तोही संघात आला तो सफाई करणारा म्हणूनच, कुणा ऋषीचा पुनर्जन्म म्हणून नाही.

दुसऱ्या बाजूला संतांच्या दंतकथा. १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ बाबासाहेबांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. अस्पृश्यांत जन्मूनही आपल्या भक्तीने आणि सद्गुणांनी सर्वांचा आदर मिळवणारे, असे त्यांनी म्हटले. या तिघांबद्दल त्यांच्या मनात आदर होता. पण त्यांच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी काय केले ते पाहा.

नंदनारची कथा बाराव्या शतकातल्या सेक्किळार यांच्या 'पेरियपुराणम्' या तमिळ ग्रंथात आहे. चिदंबरमच्या मंदिरात जायची त्याची इच्छा. देव ब्राह्मणांच्या स्वप्नात येतो आणि त्याच्यासाठी अग्नी पेटवायला सांगतो. नंदनार आगीत शिरतो आणि गळ्यात जानवे असलेला ब्राह्मण मुनी होऊन बाहेर येतो. मग त्याला प्रवेश मिळतो. रविदासांची कथा प्रियादासाने १७१२ साली 'भक्तमाळे'च्या टीकेत सांगितली. ब्राह्मण पंगतीत बसायला नकार देतात, तेव्हा रविदास आपली त्वचा चिरून आत सोन्याचे जानवे दाखवतात, कारण ते मागच्या जन्मी ब्राह्मण होते म्हणे! चोखोबांची कथा महिपतीच्या 'भक्तविजया'त आहे. मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा १३३८ साली गेले असे परंपरा सांगते. हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले आणि त्यावरून नामदेवांनी ती ओळखली. समाधी झाली ती पंढरपूरच्या महाद्वारापाशी. बाहेर. आत जायला पुढची सहाशे वर्षे लागली. १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर ते दार उघडले.

तिन्ही कथांत माणूस बदलतो आणि दार तसेच राहते. नंदनारला आगीतून जावे लागते, मंदिराचा नियम आगीत जात नाही. रविदासांच्या त्वचेखाली जानवे निघते, म्हणजे पंगतीचा नियम बरोबरच होता, फक्त माणूस ओळखण्यात चूक झाली. चोखोबांच्या हाडांचा चमत्कार सांगताना त्यांना भिंतीच्या कामाला कुणी लावले आणि भिंतीखाली मेलेल्या मजुरांचे काय झाले, हा प्रश्न कीर्तनात येत नाही. खुद्द चोखोबांच्या आणि सोयराबाईंच्या अभंगांत विटाळाबद्दल रोकडे प्रश्न आहेत. पण लोकांत जास्त फिरली ती दुसऱ्यांनी लिहिलेली चरित्रे.

'जातिप्रथेचे विध्वंसन' वाचून गांधीजींनी १९३६ साली 'हरिजन'मध्ये विचारले होते की ज्ञानदेव, तुकाराम, चैतन्य यांचा धर्म इतका निःसत्त्व कसा असेल? त्यावर बाबासाहेबांचे उत्तर आजही ताजे आहे. संतांनी देवापुढे माणसे समान म्हटली, माणसापुढे माणूस समान म्हटला नाही. आणि लोकांना असे शिकवले गेले की संताने जात मोडली तर चालते, सामान्य माणसाने मोडू नये. म्हणून संत हा अनुकरणाचा आदर्श कधी झाला नाही, तो फक्त नमस्काराचा विषय राहिला.

हीच कुठल्याही चरित्राची खरी परीक्षा आहे. ते ऐकून माणूस नमस्कार करून घरी जातो, की उठून काही करतो?

आपल्या गोष्टीही तपासा

ही परीक्षा फक्त दुसऱ्यांच्या पोथ्यांना लावायची आणि आपल्या गोष्टींना सवलत द्यायची, हे चालणार नाही. जातककथा आपण मुलांना प्रेमाने सांगतो. त्यांत मोलाचे पुष्कळ आहे. मातंग जातकात बोधिसत्त्व चांडाळ कुळात जन्मतो आणि त्याच्या दर्शनाने विटाळ झाला म्हणून श्रेष्ठीची मुलगी डोळे धुते. अस्पृश्यतेचा इतका जुना आणि स्पष्ट पुरावा दुर्मीळ आहे. पण अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात मोठ्या चित्रांत रंगवलेले वेस्संतर जातकही आहे. त्यात राजपुत्र दानाच्या नादात स्वतःची मुले एका ब्राह्मणाला देऊन टाकतो आणि नंतर पत्नीही. हे दानपारमितेचे शिखर म्हणून आजच्या मुलीला कसे सांगायचे? शिवाय जातकांची सगळी रचना मागच्या जन्मावर उभी आहे आणि आजचे दारिद्र्य मागच्या जन्मीच्या कर्माचे फळ, या सिद्धांताला बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात ठाम नकार दिला. चित्र पाहावे, कलेला दाद द्यावी, पण गोष्ट सांगताना प्रश्नही सांगावा.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त हेच करून दाखवले. वामनाने तीन पावलांत बळीला पाताळात घातले, ही गोष्ट पुराणिक विजयाची म्हणून सांगत होते. पण घराघरांतल्या बाया बलिप्रतिपदेला "इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो" म्हणत होत्या. हरलेल्या राजाचे राज्य कुणी परत का मागेल? जोतीरावांनी पुराणापेक्षा त्या बायांच्या तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि दशावतार उलटे वाचले. गोष्ट तीच, पण सांगणारा बदलला आणि खलनायक नायक झाला. बुद्धाला विष्णूचा अवतार करून गिळण्याचा डावही गोष्टीचाच होता. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत तो अवतार नाकारणारी स्वतंत्र प्रतिज्ञा आहे.

टांगा कुणी हाकला?

बाबासाहेबांनी स्वतःचे आत्मचरित्र लिहिले नाही. पण १९३५-३६ च्या सुमारास 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने काही आठवणी लिहून ठेवल्या. अस्पृश्यता काय असते हे परदेशी माणसाला कळावे, हा हेतू. त्यात सहा प्रकरणे आहेत. १९०१ साली मसूर स्टेशनवरून कोरेगावला जाताना बैलगाडीवाल्यांनी दिलेला नकार आणि पाण्याविना काढलेली रात्र, बडोद्याच्या पारशी खानावळीतून हाकलले जाणे, १९२९ चा चाळीसगावचा प्रसंग, १९३४ चे दौलताबाद. शेवटची दोन प्रकरणे त्यांची नाहीतच. एक काठेवाडातल्या अस्पृश्य शिक्षकाच्या बाळंतीण पत्नीचे, जिला डॉक्टरने नीट तपासले नाही. दुसरे सरकारी नोकरीत गेलेल्या भंगी तरुणाचे. म्हणजे आपल्या आयुष्याची किंमत त्यांनी पुराव्याएवढीच धरली आणि त्या पुराव्यात इतरांचे आयुष्यही जोडले.

चाळीसगावचा प्रसंग पुन्हा वाचा. गावचा एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. बाबासाहेबांना पायी नेणे वस्तीतल्या लोकांना कमीपणाचे वाटले. त्यांनी टांगा भाड्याने आणला आणि हाकायला आपल्यातलाच एक जण बसला, ज्याला टांगा हाकता येत नव्हता. पुलाजवळ अपघात झाला, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. त्यांनी त्या माणसाला दोष दिला नाही. बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षाही साधा हिंदू टांगेवाला स्वतःला श्रेष्ठ समजतो, हा निष्कर्ष त्यांनी काढला. अपघाताची गोष्ट त्यांनी व्यवस्थेची गोष्ट केली.

आता आपण १४ एप्रिलला काय सांगतो ते आठवा. मोबाइलवर फिरणारे संदेश पाहा. इतक्या पदव्या, इतक्या भाषा, इतकी पुस्तके, जगात पहिला नंबर. प्रत्येक वर्षी आकडा वाढतो. यातले जे खरे आहे त्याचा अभिमान जरूर असावा. पण या गोष्टीतून कोणता विचार पोहोचतो? एक अलौकिक पुरुष आला, त्याने एकट्याने सगळे केले, आपण फक्त जयंती करायची. ही सोन्याच्या जानव्याचीच गोष्ट झाली. त्वचेखाली जानव्याऐवजी पदव्या निघतात एवढाच फरक. १९४३ साली पुण्यात रानडे यांच्यावरील भाषणात बाबासाहेबांनी विभूतिपूजेला विरोध केला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातली भक्ती हा अधःपतनाचा आणि हुकूमशाहीचा मार्ग आहे असे बजावले. तथागत मोक्षदाता नाहीत, मार्गदाता आहेत, असे त्यांनीच लिहिले. त्यांच्याच चरित्राची पोथी करणे म्हणजे त्यांना हरवणे.

खरे चरित्र कसे सांगायचे याचे नमुने आपल्याकडे आहेत. आंबेडकरी जलशांनी गण-गवळणीची जागा शिक्षण आणि मेलेले ढोर न ओढण्याच्या गोष्टींना दिली. १९७८ च्या 'बलुतं'पासून बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'पर्यंत आत्मकथनांनी 'मी' सांगताना वस्ती सांगितली. बेबीताईंनी तर नवऱ्याच्या धाकाने आपले लिखाण वर्षानुवर्षे लपवून ठेवले होते. म्हणजे त्या पुस्तकाचे चरित्रही आपल्याला आपल्याच घराबद्दल काही विचारते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात चळवळीतल्या स्त्रियांना शोधून त्यांचे बोल नोंदवले. त्या दोघी घरोघर गेल्या नसत्या तर त्या स्त्रियांची नावे स्मरणिकेच्या शेवटच्या पानावरही आली नसती.

आता काम आपल्याकडे आहे आणि वेळ थोडा आहे. १९५६ साली नागपूरला पंधरा वर्षांचे असलेले माणूस आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या बाया आज नातवांच्या घरात एका कोपऱ्यात आहेत. १९७८ नंतर नामांतरासाठी ज्यांची घरे जळाली त्यांच्याकडे फोटो नाहीत, फक्त आठवण आहे. प्रत्येक अंत्यविधीबरोबर एक पान जळते. ते पान कुणी लिहिले नाही तर उद्या दुसरे कुणी तरी लिहील आणि त्यात हाडांतून नाम ऐकू येईल.

म्हणून शाखेने, मंडळाने, विहाराने येत्या वर्षात एवढे करावे. आपल्या वस्तीतल्या ज्येष्ठांच्या आठवणी मोबाइलवर नोंदवाव्यात, तारीख-गाव-नावासह, त्यांच्या परवानगीने. बायांना आधी विचारावे, कारण त्यांना शेवटी विचारायची आपली सवय आहे. त्या जशा बोलतात तसेच लिहावे, शोभा आणू नये. एका आठवणीला दुसऱ्या माणसाच्या आठवणीने आणि सापडेल त्या कागदाने पडताळावे. आणि जयंतीच्या व्यासपीठावर बाबासाहेबांच्या पदव्यांनंतर पाच मिनिटे तरी विचारावे: महाडला तळ्यावर त्यांच्याबरोबर कोण चालत होते, आणि चाळीसगावला तो टांगा हाकायला बसलेला माणूस कोण होता?

त्याला टांगा हाकता येत नव्हता, तरी तो बसला. अनुकरण करण्यासारखे चरित्र त्याचेही आहे.

जयभीम!